टँटलसचे पाणी

भाषेत काही शब्द असे असतात की, ते वरून पाहता साधे शब्द दिसले तरी मुळात ती एकेक संपूर्ण कथा असते. एखाद्याचा त्रिशंकू झाला असे आपण म्हणतो, तेव्हा विश्वामित्राचा हट्ट, इंद्राचा नकार आणि आकाशात उलटा लोंबणारा तो दुर्दैवी राजा यांचे स्मरण न करताही आपले काम भागते. भगीरथ प्रयत्न, कळीचा नारद, कुंभकर्णी झोप ही सर्व याच टांकसाळीतली नाणी होत. वापरून वापरून त्यांच्यावरील मुद्रा झिजते, पण नाणे चालत राहते. मात्र या झिजण्यात एक हानी असते. कथेच्या पोटात जो नैतिक प्रश्न असतो, तो शब्दातून नकळत गळून पडतो आणि केवळ एक चित्र मागे उरते. इंग्रजी भाषेने ग्रीक पुराणांतून उचललेल्या एका क्रियापदाची अशीच गत झालेली आहे. ते क्रियापद म्हणजे ‘टँटलाइझ’. या शब्दाचा खरा अर्थ काय आणि तो कोठे वापरणे न्याय्य ठरेल, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरणे मात्र मी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील घेणार आहे. भीमा आणि नीरा यांच्या मधल्या या मुलखात ग्रीक राजाचे काय काम, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. परंतु त्या राजाची सारी कथा पाण्याची आहे, आणि या मुलखाचीही सारी कथा पाण्याचीच आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात ओडिसियस हा मृतांच्या लोकी जातो. तेथे त्यास टँटलस दिसतो. हा वृद्ध एका सरोवरात उभा आहे आणि पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत आलेले आहे. तहानेने त्याचा जीव कासावीस झालेला आहे; पण पिण्यासाठी तो वाकला की पाणी ओसरते आणि त्याच्या पायांशी काळी भुई उघडी पडते. डोक्यावर नासपती, डाळिंबे, सफरचंदे, अंजिरे आणि ऑलिव्हची फळे लगडलेली आहेत. त्याने हात वर केला की वारा त्या फांद्या ढगांकडे उडवून नेतो. येथे दोन गोष्टी ध्यानी घ्यावयाच्या. पहिली ही की, पाणी खरे आहे. तो भास नव्हे, स्वप्न नव्हे. त्याच्या अंगाला त्या पाण्याचा स्पर्श होत आहे. दुसरी ही की, ते पाणी आपोआप आटत नाही. कोणी एक दैवी शक्ती ते आटवते, असे होमर स्पष्ट सांगतो. त्या शक्तीचे नाव मात्र तो सांगत नाही.

टँटलसचा अपराध कोणता, हेही होमर सांगत नाही. तो पुढील कवींनी सांगितला, आणि त्यांत एकमत नाही. लिडियातील सिपिलस पर्वताच्या प्रदेशाचा हा राजा देवांच्या पंक्तीला बसणारा होता. एका कथेप्रमाणे त्याने आपल्याच पुत्राचे मांस शिजवून देवांना वाढले. पिंडार या कवीने इसवी सनापूर्वी ४७६ च्या सुमारास रचलेल्या आपल्या प्रसिद्ध विजयगीतात ही कथा साफ नाकारली आहे. देवांना नरमांसभक्षक म्हणण्यास त्याची जीभ रेटत नाही. त्याच्या मते टँटलसचा अपराध निराळाच होता. देवांच्या पंक्तीतील अमृत त्याने चोरले आणि आपल्या मर्त्य सोबत्यांना पाजले. म्हणजे जे थोड्यांसाठी राखून ठेवले होते, ते त्याने पुष्कळांत वाटले! पिंडारने त्याला दिलेली शिक्षाही वेगळी आहे. डोक्यावर सदैव लोंबणाऱ्या शिळेची. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती होमरची शिक्षा आणि पुढच्या कवींनी सांगितलेले अपराध. या विसंगतीकडे आपणांस शेवटी पुन्हा वळावयाचे आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीने या नावाचे क्रियापद केले. प्रारंभी त्यात यातनेचा अंश पुष्कळ होता. हळूहळू तो विरळ झाला. आज एखाद्या पक्वान्नाच्या सुवासासही इंग्रज हेच विशेषण लावतो, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच अधिक असते. स्वीडनमधील एकेबर्ग या रसायनज्ञाने १८०२ साली एक नवे मूलद्रव्य शोधले. ते आम्लात बुडवून ठेवले तरी त्या आम्लाचा अंशही ग्रहण करीत नाही, म्हणून त्याचे नाव त्याने टँटलम ठेवले. ही उपमा मार्मिक खरी, पण धातूला तहान नसते. त्याहून बोधप्रद आहे ती एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दिवाणखान्यातली एक वस्तू. लाकडी चौकटीत मद्याच्या काचेच्या नक्षीदार सुरया ठेवलेल्या असत आणि वरून एक दांडी बसवून तिला कुलूप लावलेले असे. सुरई दिसते, मद्य दिसते, पण किल्ली धन्याच्या खिशात. या चौकटीला ‘टँटलस’ असेच नाव होते. नोकरचाकरांपासून मद्य सुरक्षित राहावे हा तिचा हेतू. कपाटात लपवून ठेवले असते तरी तो हेतू साधला असता. परंतु दिवाणखान्याला शोभाही हवी आणि मद्यही वाचावयास हवे, अशी ही युक्ती होती. शब्दातून गळून पडलेला प्रश्न या लाकडी चौकटीत मात्र शाबूत राहिला होता. तो प्रश्न म्हणजे, किल्ली कोणाकडे?

मराठीत या क्रियापदाला प्रतिशब्द कोणता? हुलकावणी देणे, झुलवणे, आशेला लावणे असे पर्याय सुचतात. हातातोंडाशी आलेला घास हिरावणे हा वाक्प्रचार अगदी जवळचा वाटतो. परंतु घास हिरावला म्हणजे प्रकरण संपते, माणूस रडतो आणि दुसरा घास शोधतो. टँटलसचा घास रोज समोर येतो आणि रोज जातो. ‘तोंडचे पाणी पळणे’ यात तर शब्दशः तीच घटना आहे, पण आपल्या भाषेने तिचा अर्थ भय असा केला. विद्यार्थ्यांस या शब्दाचा अर्थ विचारला असता बहुतेक जण ‘मृगजळ दाखवणे’ असे उत्तर देतात. एकदा इंदापूरकडील एका विद्यार्थ्याने या उत्तरास हरकत घेतली. तो म्हणाला, “सर, मृगजळात पाणी नसतंच. आमच्या बांधावरून पाट वाहतो. पाणी असतं, पण ते आमचं नसतं.” या एका वाक्यात त्या ग्रीक शब्दाची जी व्याख्या झाली, ती मला कोणत्याही कोशात आढळलेली नाही.

मृगजळ आणि टँटलसचे पाणी यांतील हा भेद केवळ शब्दांचा नाही. तो दोन तत्त्वज्ञानांचा आहे. मृगजळाच्या दृष्टांतात दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीत असतो. हरणाची तहान खरी, पाणी खोटे. म्हणून त्यावरचा उपाय ज्ञान हाच. पाणी नाही हे कळले की धावणे थांबते. वेदांताने या दृष्टांताचा उपयोग जगाचे मिथ्यात्व सांगण्यासाठी केला आणि तृष्णेचा त्याग हा उपदेश त्यातून स्वाभाविकपणेच निघाला. त्या उपदेशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. संपत्ती, मान, अधिकार यांच्यामागे धावणाऱ्यास तो आजही तितकाच हितकर आहे. परंतु हा उपदेश जेथे पाणी खरे आहे तेथे केला, तर त्याचे स्वरूप पालटते. हनुवटीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसास ‘तृष्णा सोड’ असे सांगणे म्हणजे ते आटवणाऱ्याची बाजू घेणे होय. तेथे दोष दृष्टीचा नसतो, व्यवस्थेचा असतो. आणि व्यवस्थेच्या दोषावर वैराग्य हा उपाय नव्हे. आपल्याकडे दारिद्र्याला समाधानाचा उपदेश करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्या मुळाशी हाच घोटाळा आहे. टँटलसला आपण हरीण समजतो.

आता ज्या मुलखाचा उल्लेख केला त्याकडे वळू. बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तो पूर्वेकडे येता येता विरळ होत होत येथे वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो, आणि तोही लहरी. बारामतीवरून वाहणारी कऱ्हा वर्षातील बराच काळ कोरडी असे. या कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपले आयुष्य काव्यरचनेत घालविले. त्यांच्या ‘केकावली’चे नावच पहा. केका म्हणजे मोराचा टाहो, आणि मोर टाहो फोडतो तो मेघासाठी. पंतांनी आपल्या नावावर श्लेष साधून देवाच्या कृपेसाठी केलेली ही आर्त विनवणी आहे, हे खरेच. पण ज्या गावी मेघ दिसतो आणि न बरसता पुढे जातो, त्या गावी हा रूपकाचा मोर सुचावा, यात मला निव्वळ कविसंकेत दिसत नाही. त्या काळी पाणी देणारा आणि न देणारा एकच होता, आणि तो वर होता. त्याला विनवावे, त्याच्यावर रुसावे, पण त्याला जाब विचारता येत नसे. मेघाने हुलकावणी दिली तर ते दुःख होते, अन्याय नव्हता.

पाणी माणसाच्या हाती आले आणि ही स्थिती पालटली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने नीरा डावा कालवा खोदला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. भोरच्या डोंगरांतील भाटघरच्या जलाशयात साठलेले पावसाचे पाणी वीरजवळून कालव्यात शिरून पुरंदर, बारामती आणि इंदापूर असा प्रवास करू लागले. ज्या जमिनीत बाजरी धड पिकत नव्हती तेथे ऊस उभा राहिला. पुढे १९३० नंतर इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली. मनुष्याच्या बुद्धीने मेघाच्या लहरीवर मिळविलेला हा मोठाच विजय होता आणि त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच दिवशी एक नवा प्रश्नही जन्मास आला. कालवा उताराने वाहतो. त्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजते, वरच्या अंगाची भिजत नाही. एकाच गावात, एकाच शिवारात, कालव्याच्या अलीकडे बागाईत आणि पलीकडे जिराईत असे दोन देश निर्माण झाले. वरच्या अंगाचा शेतकरी आपल्या करपलेल्या ताटांमध्ये उभा राहून खाली वाहणारे पाणी पाहू लागला. तीच गत लांबीच्या दिशेने झाली. कालव्याच्या मुखाजवळच्या गावांना पाणी आधी आणि पुरेसे. शेपटाकडच्या गावांना उशिरा आणि उरलेसुरले. आवर्तन सुटल्याची वार्ता येते, चाऱ्या साफ होतात, पाळी ठरते, आणि पाणी वाटेतच संपते. कालवा कोरडा असता तर शेपटाच्या शेतकऱ्याने मेघाकडे पाहिले असते. आता तो पाटाकडे पाहतो.

हा प्रश्न आजचाच आहे असे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या हे मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुरू केली. पाणी थोड्या गावांच्या उसात न मुरता अनेक गावांना विभागून मिळावे आणि पिकांची फेरपालट व्हावी, हा तिचा उद्देश होता. एका अभियंत्यास पाणी आणण्याइतकेच ते वाटण्याचे गणित अवघड वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वाटणीचे गणित दिसते अंकांचे, पण असते नीतीचे.

इंदापूरच्या उत्तर सीमेवर याहून मोठे सरोवर आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या कडेने दूरवर पसरला. भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरू लागले. ते पाहावयास पुण्यामुंबईहून लोक येतात. परंतु त्याच पाण्याखाली नदीकाठची जुनी गावे आहेत. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर त्यांपैकीच. जलाशय फार ओसरला की त्याचा कळस वर येतो, मग शिखर, मग सभामंडप; आणि ज्यांचे वाडवडील तेथे राहत होते ती माणसे आपले जुने गाव पाहावयास जातात. ज्या वर्षी पाणी सर्वांत कमी, त्याच वर्षी देवाचे दर्शन! या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी; त्यातील सुमारे ६४ टीएमसी पाणी कालव्याच्या तोंडाच्या खाली राहते. त्याला सरकारी भाषेत ‘मृतसाठा’ म्हणतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी डोळ्यांना दिसते, पंपाने उपसताही येते, परंतु हिशेबात ते मृत. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे इतके टक्के’ असे मथळे येतात. पाणी उणे कसे असू शकेल, असा प्रश्न एखाद्या बालकास पडावा. पण मोठ्यांना त्याची सवय झालेली आहे. होमरला हा शब्द ठाऊक असता तर त्याने तो अवश्य वापरला असता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो बळकट आहे. पाणी मोजके आहे. मागणारे पुष्कळ आहेत. सर्वांना पुरेल इतके नसताना कोणी तरी कोरडा राहणारच. मग यात टँटलाइझ करण्याचा प्रश्न कोठे येतो? पाणी चढावर जात नाही, हा निसर्गाचा नियम आहे. त्याला अन्याय कसे म्हणावे? या आक्षेपास उत्तर देताना त्या क्रियापदाचाच नीट विचार करणे भाग आहे. नाकारणे आणि टँटलाइझ करणे ही एक क्रिया नव्हे. ज्याला स्पष्टपणे नाही म्हटले, त्याला दुःख होते, पण तो मोकळा होतो. तो बाजरी पेरतो, गुरे विकतो, गाव सोडतो, अथवा भांडतो. काही तरी ठरवतो. ज्याला नाही म्हटले जात नाही आणि दिलेही जात नाही, तो पाण्यात उभाच राहतो. या क्रियापदाचे मर्म वंचनेत नसून आशा जिवंत ठेवण्यात आहे. टँटलसचे पाणी एकदाच कायमचे आटले असते तर ती शिक्षा एका दिवसाची झाली असती. ते पुनःपुन्हा भरते, म्हणूनच ती अनंत आहे. दर निवडणुकीत नव्याने भरणारे आणि नंतर ओसरणारे योजनांचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. निसर्गाने चढावर पाणी नेले नाही, हा निसर्गाचा अपराध नव्हे. परंतु चढावर पाणी नेऊ असे सांगून वर्षानुवर्षे न नेणे, हे मात्र मनुष्याचे कृत्य आहे. म्हणून जो देऊ शकत नाही, त्याचे पहिले कर्तव्य हे की, त्याने तसे स्वच्छ सांगावे.

याची एक बाजू अशीही आहे की, टँटलस सरोवरात एकटा होता. आपल्या सरोवरात अनेक आहेत. २०२१ साली उजनीतून इंदापूरकडे ५ टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय शासनाने केला आणि सोलापूर जिल्ह्यातील तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी तो मागे घेतला. यात कोणाचा पक्ष खरा, हे ठरविण्याचा येथे हेतू नाही. सोलापूरकरांची तहानही काही खोटी नव्हे. ज्यांच्या पूर्वजांची शेते त्या पाण्याखाली गेली ते एका बाजूस, आणि ज्यांच्यासाठी म्हणून ते धरण बांधले गेले ते दुसऱ्या बाजूस, असे दोन तहानेले समोरासमोर उभे राहिले, आणि प्रत्येकास दुसरा हाच पाणी आटवणारा देव वाटला. दोघांनीही एकमेकांकडेच पाहिले, की किल्लीकडे पाहावयाचे राहून जाते. तहान वाटून घेता येत नाही म्हणतात. पण तिच्यावर भांडण लावून देता येते, हे खरे.

आणि जेथे पाणी मुबलक होते, चढउताराचा प्रश्न नव्हता, तेथेही महाराष्ट्राने टँटलस पाहिला आहे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही त्या तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांच्या ओंजळीत आले नाही. ठरावात पाणी भरले होते; तळ्यावर ते ओसरत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत आलेल्या हजारोंनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून लागावयास १९३७ साल उजाडले. येथे होमरच्या कथेत नसलेली एक गोष्ट घडली. टँटलस वाकला, पाणी ओसरले, पण या वेळी त्याने पाणी आटवणाऱ्याचे नाव घेतले. निनावी दैवी शक्तीला नाव मिळाले की तिचे दैवीपण संपते आणि ती केवळ एक रूढी, एक नियम, एक माणूस उरते. ज्याला नाव आहे, त्याला जाब विचारता येतो.

आता आरंभी सोडून दिलेल्या विसंगतीकडे येऊ. टँटलसचा अपराध कोणता? पुत्राची हत्या की अमृताचे वाटप? पुराणकथेत शिक्षा आहे म्हणजे अपराध असलाच पाहिजे, असे मन मानते. आणि येथेच या शब्दाचा मोठा धोका आहे. हा शब्द आपण एखाद्या तहानेल्या माणसाला लावतो, तेव्हा त्याचे काही तरी पाप असेल ही समजूतही शब्दासोबत हळूच येते. आपल्याकडे पूर्वकर्माच्या कल्पनेने तेच काम अधिक सफाईने केलेले आहे. परंतु आपल्याच परंपरेत याच्या नेमकी उलट कथाही आहे. पाली ‘पेतवत्थु’मध्ये एक प्रेतयोनीतील स्त्री गंगेच्या काठी तहानेने तळमळत आहे, पाण्याजवळ जावे तो त्याचे रक्त होते. तिचा अपराध काय? पुत्र दानधर्म करीत होता, तो तिला सहन झाला नाही. देणाऱ्यास तिने शाप दिला. ग्रीक कवीने अमृत वाटणाऱ्यास शिक्षा दिली. पाली कथाकाराने वाटू न देणारीस दिली. दोन्ही कथा तहानेच्याच. पण त्यांतून निघणारी नीती परस्परविरुद्ध आहे. कोणती नीती मनुष्यास शोभते, हे सांगावयास पाहिजे असे मला वाटत नाही.

महाभारतातील यक्षप्रश्नांची कथाही तहानेचीच आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो; प्रश्नोत्तरांच्या चातुर्यात आपले लक्ष गुंतते. वनात फिरून दमलेले पांडव एका सरोवरापाशी येतात. पाणी खरे आहे, निर्मळ आहे, आणि त्यावर पहारा आहे. चार भाऊ आज्ञा न जुमानता पाणी पितात आणि मरून पडतात. युधिष्ठिर तहानेलाच थांबतो, प्रश्नांची उत्तरे देतो. परंतु त्याची खरी परीक्षा उत्तरे संपल्यावर होते. एका भावास जिवंत करतो, कोणास करू, असे यक्ष विचारतो. भीमाचे बळ आणि अर्जुनाचे धनुष्य यांच्यावर राज्याची सारी आशा. पण युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो. कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहे. माद्रीचाही एक जिवंत असावा, एवढेच त्याचे म्हणणे. त्या सरोवराच्या काठी धर्म प्रसन्न झाला तो पांडित्यावर नव्हे, या वाटणीवर. ज्याला मिळाले त्याने ज्याला काहीच मिळाले नाही त्याचा विचार आधी करावा, हा त्या कथेचा गाभा आहे.

ही केवळ पुराणातली वांगी नव्हेत. बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिचे नियम थोडे आणि साधे होते. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर माणसांच्या मापाने वाटावयाचे; माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर भिजेल इतके. भूमिहीनासही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. आणि ऊस लावावयाचा नाही. या नियमांनी कोणी धनाढ्य झाला नाही आणि ती पद्धत सर्वत्र पसरली असेही नाही. मोठ्या कालव्यांवरील सत्तेपुढे असे प्रयोग लहानच राहतात. पण पाणी थोडे असले म्हणजे कोणी तरी टँटलस होणे अपरिहार्यच आहे, हे मत मात्र त्या माळरानावर खोटे ठरले. पाणी थोडे होते. ते सर्वांस थोडे मिळाले. थोडे मिळणे म्हणजे टँटलस होणे नव्हे.

तेव्हा या क्रियापदाचा उपयोग करावयाचा तो जपून करावा. पाऊस आला नाही तेथे तो वापरू नये. ती निसर्गाची उणीव आहे. वस्तूच खोटी असेल तेथेही वापरू नये. त्यासाठी मृगजळ हा आपला जुना आणि सुंदर शब्द आहे. वस्तू खरी आहे, जवळ आहे, ती मिळेल असे सांगितले गेले आहे आणि कोणाच्या तरी हाताने ती मागे घेतली जात आहे, तेथेच हा शब्द शोभतो. आणि तेथे तो वापरताना इंग्रजीने गाळलेला कर्ता आपण परत जागेवर आणावा. टँटलसची तहान भागली नाही, एवढे सांगून वाक्य पुरे होत नाही. पाणी कोणी ओसरवले, हेही त्या वाक्यात आले पाहिजे. व्याकरणात कर्मणी प्रयोग असतो आणि त्यात कर्ता सांगितला नाही तरी चालते. नीतिशास्त्रात ती सवलत नाही.